बाहेर बसलेल्यांचं नाव

हिरव्या कापडाला लावलेला तो चिमटा... दोरीवरच्या कपड्यांना लावतात तसलाच की, नर्मदाबाईंना वाटलं—आणि त्याच्या पलीकडे म्हणे आपलं डोकं उघडं आहे! मघाशी भुवयांवर, कानांमागे, मानेवर सुया टोचून डॉक्टर उत्तरानं डोक्याची कातडी बधिर केली होती. दुखतं ते कातडीला, खुद्द मेंदूला दुखतच नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा नर्मदाबाईंना हसू फुटलं होतं—साऱ्या घराचा ताप वाहणारा मेंदू, आणि त्याला दुखत नाही!

"दुखायलंय का, आजी?"

"न्हाई गं माय. कुणी वेणी ओढल्यावानी व्हायलंय नुसतं."

"मग बोलत ऱ्हावा. तुमी गप्प झालात की सर हात आवरतेत."

गाठ मेंदूत, बोलण्याच्या जागेला चिकटलेली. ती काढताना बोलणंच जाऊ नये, म्हणून हे जागं ठेवणं. उत्तरा चित्रं दाखवत होती. किटली. छत्री. वखर—"चुकीचा काढलाय गं, ह्यानं तण निघायचं न्हाई," यावर पडद्यामागून ऑपरेशन करणारे सरही हसले.

"बरं, मालकांचं नाव?"

नर्मदाबाई गप्प.

हत्यारांचा आवाज थांबला. "आजी? आजी, बोला!"

असं कुणी विचारतं का, उताणं पडल्या पडल्या... लग्नापासून 'अहो', 'पोरांचे बाबा'. घ्यायचंच तर उखाण्यात, चार बायकांत—ताडकळसला, सासरी, नणंदेनं, कमलबाईनं दार अडवलं होतं तेव्हा... आठवतं आहे मला सगळं, कमलबाईच्या बांगड्यासुद्धा, पण नाव? ही लाजच ना? की शब्दच गेला... जाताना तो असाच जात असेल, लाजल्यासारखा?

"दिनकर!"

राव नाही, काही नाही. केवढ्यानं ओरडल्या त्या!

"आजी, आमचाच जीव गेला होता की!"

"नाव घेत न्हाईत, माय, आमच्यात."

हत्यारं पुन्हा वाजू लागली. समोर आता कसलंसं पाखरू धरलेलं होतं. त्याचं नाव त्यांनी सांगितलंही, पण जिभेवर तेच—दिनकर... भलतंच तरुण नाव आहे हे! बाहेर बाकावर बसलेत ते म्हातारे, त्यांचं कसं असेल? बाहेर नेल्यावर अशीच हाक मारली... आणि त्यांनी 'ओ' दिली, तर पुढे काय बोलायचं असतं?