पितरांची नावं

"काकी, आत येऊ?"

वेणूनं सुपातून मान वर केली नाही. भावेश उंबऱ्याबाहेरच थांबला. तो तिच्या जावेचा, गोदूचा मुलगा. करंजाड्यात दोन गल्ल्या सोडूनच राहायचा; पण वेणूचा मुलगा प्रणित गेल्यापासून ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

"कोमलचं लगीन ठरलंय," तो म्हणाला. "आयशीनं बोलावलंय तुला. हळदीला धवले तूच बोलायचे, असा हट्ट धरलाय तिनं."

वेणू खडे वेचत राहिली.

"तिला आता बोलता येत नाय, काकी," एवढं म्हणून तो निघाला. एक पाय किंचित ओढत.

वेणूला ते ठाऊक होतं. गोदूची जीभ कॅन्सरनं काढावी लागली, हे कानावर आलं तेव्हा ती जेवायला बसली होती. 'त्याच जिभेला लागलं,' असं तिच्या मनात आलं आणि क्षणभर बरं वाटलं. मग ताट तसंच सारून ती उठली होती.

गोदू म्हणजे गावची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. तिनं धवले म्हटल्याशिवाय गावात कुणाच्या अंगाला हळद लागत नसे. गोदू पुढची ओळ घ्यायची आणि धाकटी जाऊ वेणू मागून ती झेलायची. पुढे गाव विमानतळात गेलं, घरं करंजाड्यात आली. दोघींचे नवरे त्याआधीच गेले होते. भावेशनं नवी मोटारसायकल घेतली. प्रणित मागे बसला होता. उलव्याच्या रस्त्यावर डंपरनं उडवलं. भावेशचा पाय मोडला. प्रणित दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांचं बोलणं ऐकून गोदूनं हात जोडले आणि म्हणाली, "देवीची किरपा, माजा वाचला."

वेणू शेजारीच उभी होती.

कुठलीही आई हेच बोलली असती, हे वेणूलाही कळत होतं. कळून काय उपयोग? त्या दिवसापासून जावेचं तोंड बघणं तिनं सोडलं. लग्नाच्या मांडवात जाणंही सोडलं. धवल्यात आधी देवांना आवतण जातं, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. त्या नावांत आता प्रणितचं नाव आलं असतं.

बरेच दिवस ती गेली नाही. मग एका दुपारी भांडी अर्धी टाकून उठली आणि गोदूच्या दारात जाऊन उभी राहिली.

कोमल आईच्या नाकातल्या नळीतून पेज सोडत होती. मांडव दणाणून सोडणारी ती धिप्पाड बाई पलंगाच्या कोपऱ्यात मावेल एवढीशी झाली होती. गालावर टाके, हनुवटीखाली लाळ टिपायला फडकं. वेणूला बघून गोदूनं पलंगावर हात थापटला.

वेणू बसली नाही. उभ्यानंच तिनं धवल्याला सुरुवात केली.

"पयलं आवतण कुनाला गो, पयलं आवतण गावदेवीला..."

गोदूचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं. शब्द चुकला की बोट थांबे. वेणू मागे जाई, आठवून बघे. बरोबर शब्द आला की बोट पुन्हा चालू.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. कधी डोक्यावरून विमान गेलं की दोघी थांबत. आवाज विरला की पुढची ओळ.

पितरांच्या नावांपाशी मात्र गाडी अडली. वेणूनं सासऱ्यांचं नाव घेतलं. गोदूच्या नवऱ्याचं, धर्मराजचं घेतलं. आपल्या नवऱ्याचं, हसुरामचंही घेतलं. आणि ती सरळ पुढच्या ओळीवर गेली.

बोट थांबलं. वेणूनं पुन्हा म्हटलं, पुन्हा तेवढंच. गोदूचं बोट हवेत तसंच राहिलं. तिचे डोळे भरून आले, ओठ काहीतरी जुळवू लागले, घशातून नुसता घोगरा वारा आला. मग एकाएकी तिनं आपल्याच गालात चापट मारली. टाक्यांवर. दुसरी मारायला हात उचलला, तो वेणूनं मनगटाला धरला.

"येडी झालीस का, बाय? टाके उसवतील."

मनगट तिनं लगेच सोडलं नाही. गोदूच्या गळ्याशी नवी गाठ आली होती. ती वेणूला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

"डॉक्टर काय बोलला?" तिनं बाहेर येऊन कोमलला विचारलं.

"लग्न लवकर उरका म्हनाला," कोमल म्हणाली आणि रिकामी वाटी विसळायला घेतली.

हळदीला पोरांनी डीजे थोडा वेळ बंद ठेवला. गोदूला खुर्चीत बसवून आणलं होतं. वेणूनं माइक नको म्हटला. बारीक आवाजात तिनं देवांना बोलावलं, सासऱ्यांना, दिरांना, नवऱ्याला.

"परनित लेका, यावं लग्नाला..."

आवाज फुटेल, असं तिला वाटलं होतं. फुटला नाही. नाव चालीत बसलं आणि पुढच्या ओळीबरोबर निघून गेलं, सासऱ्यांचं गेलं तसंच. आज तो खरा गेला, असं तिला वाटलं. बायका डोळे पुसत होत्या. तिचे कोरडेच होते.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला नवरी गेली. पाहुणे पांगले. गोदूला नळीतून पेज देऊन वेणू स्वयंपाकघरात आली, तर भावेश ओट्याशी उभा राहून टोपातला गार भात हातानंच खात होता. तिला बघून त्यानं चटकन हात मागे घेतला.

"बस," ती म्हणाली.

तो खाली बसला, दुखरा पाय सरळ ठेवून. तिनं ताट घेतलं, भात वाढला, त्यावर वालाचं कालवण घातलं.

"काकी, त्या दिवशी मी..."

"आधी जेव."

त्यानं मान खाली घातली. आतून गोदूच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. पहिला घास त्याच्या तोंडात बराच वेळ तसाच राहिला. वेणू हातात डाव धरून, त्यानं तो गिळेपर्यंत उभी राहिली.