भागीरथी बाहेर बसली

कानबाई देवीच्या रोटांचं, नैवेद्याच्या पोळ्यांचं, पीठ परातीत पडलं आणि सगळ्या जावा-नणंदा हात धुवायला उठल्या. भागीरथी तेवढी जिन्याच्या पायरीवर बसून साडीला खडे चिकटवत राहिली.

“भागाबाई, चाल ना माय, पीठ मयाले,” थोरली जाऊ सुभद्राबाईने आतून हाक मारली.

“मी बाहेर बठेल से.”

“परत? मागला पंधरवाडामा बी बठेल व्हती ना!” सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसली. “नातनं लगीन कराना वयमा कावया शिवना तुले! देखा वं, आमनी भागाबाई जवान व्हई ऱ्हायनी!”

कावळा शिवला म्हणताच सगळं घर हसलं. भागीरथीही हसली. पाच वर्षांपूर्वी पाळी गेली होती, ती परत आली याची तिला मनातून थोडी ऐटच वाटत होती. कंबर दुखायची, पण सुरतेच्या डिंडोलीत दिवसभर मांडी घालून साड्यांना खडे लावणाऱ्या कुठल्या बाईची कंबर दुखत नाही? तिला जाचत होतं ते एकच, देवीला हात लावता येत नव्हता.

ती बाजूला बसली की सून धनश्री ताट बाहेर आणून द्यायची. सोवळं पाळण्यात आम्ही खानदेशी माणसं कुणाला हार जाणार नाही. सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी नाही. पण चौपन्न वर्षांची बाई वर्षभर सारखी बाहेर का बसते, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

कानबाईची बोळवण झाली आणि त्याच आठवड्यात दवाखान्याची नर्स वृषाली गल्लीत आली. भागीरथी परत पायरीवरच होती.

“मावशी, तुमच्या नातीला, चंचलला लस द्यायची आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. शाळेतच देणार.”

“आमनी पोर चांगला घरनी से. तिले कसाले ती सुई?”

“हा विषाणू घर बघून येत नाही, मावशी. नवराबायकोच्या संबंधातून येतो. बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतो आणि आपोआप जातोही. एखादीच्या अंगात मात्र ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर करतो. म्हणून लस आधीच, लहानपणी द्यायची.” बोलता बोलता वृषाली पायरीवर टेकायला लागली.

“सरक, सरक! शिवू नको. मी बाहेर बठेल से.”

वृषाली अर्धवट वाकलेलीच थांबली. “मावशी, तुमची पाळी गेली नव्हती?”

“गयती. चार वरीसनी परत उनी.”

वृषाली तिच्या शेजारी बसली, अगदी खेटून. “मावशी, गेलेली पाळी अशी परत येत नसते.”

मोठ्या दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची गाठ गर्भपिशवीच्या बाहेर पसरली आहे. मशीनने किरणांचा शेक देऊ, त्रास कमी होईल. बरं होण्याचं विचाराल तर उशीर झाला आहे, पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच यायला हवं होतं. भागीरथी ऐकत होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. जिला ती पाळी म्हणाली, जिच्यासाठी ती देवीपासून लांब राहिली, तो हा आजार होता. धनश्रीने तिला धरून बाकावर बसवलं.

रात्रपाळीला निघायच्या आधी चंचलचा बाप योगेंद्र आईजवळ बसला. “माय, कोनले सांगू नको. पोटमा गाठ से, इतलंच सांगू. अन् चंचलनी सुई राहू दे. लोके इचारतीन, सुई कसाले? मंग तुनं नाव निंघी.”

“तुना बाप शिवाय मी कोनता माणूस देखा नही,” भागीरथी म्हणाली. तिचा आवाज चढला. “तो बी सरळ माणूस व्हता. तरी व्हयनं ना मले? वरीसभर मी जिनावर बठनू. तुम्ही मले ताट आनी दिधं, पन कोनी इचारं नही, का बठनी. आते चंचलनं बी तसंच करशात का?”

“तूच लई जाय तिले,” डबा उचलत योगेंद्र म्हणाला.

लसीच्या दिवशी भागीरथी स्वतः चंचलला घेऊन शाळेत गेली. फाटकापाशी सुभद्राबाई आपल्या नातीचा हात घट्ट धरून उभी होती.

“भागाबाई, आमी चालनूत घर. ह्या सुईमुये पोरी वांझोटी व्हतस म्हने.”

भागीरथी मुद्दाम मोठ्याने बोलली. भोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. “मले कॅन्सर से, सुभद्राबाई. गर्भपिशवीना तोंडना. तो कावया नही व्हता.”

कानबाईच्या घरातलं आपलं ते हसू आठवून सुभद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीला घेऊन ती भागीरथीच्या मागोमाग आत आली.

चंचलला सुई टोचून झाली. दुखलं नाही म्हणून ती खुश होती. बाही खाली ओढत ती वृषालीला म्हणाली, “दीदी, मेरी आजी को भी दे दो ना.”

वृषालीने पुढची सुई भरायला घेतली.

“मनी येळ गई, बेटा,” भागीरथी म्हणाली आणि चंचलला घेऊन बाकावरून उठली. त्या जागी सुभद्राबाईने आपल्या नातीला बसवलं.