तुकड्यांत वाटलेली चाल

शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच संगीतकाराची पियानोवरची रचना माझ्या मुलीने, शेरॉनने, घेतली आणि तिची पार वाट लावली. ती त्याला अरेंजमेंट म्हणते. आम्ही सहाजण पितळी वाद्यं वाजवणारे, बहुतेक वसईकडचे, पोटापाण्यासाठी आखातात आलेले. शनिवारी दुपारी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ग्रेगरीच्या ऑफिसात जमतो, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे तक्रार करायला कोणी नसतं. मी पहिला ट्रम्पेट. वसईत लग्नाच्या वरातीपुढे आणि चर्चच्या सणालाही पहिला ट्रम्पेटच होतो. पहिल्या ट्रम्पेटने चाल वाजवायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागून यायचं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

शेरॉनने ती चाल लग्नाच्या केकसारखी कापून सगळ्यांना वाटली. थोडी मला, थोडी थेरेसाच्या हॉर्नला, उरलेली ट्रॉम्बोनला. मधल्या वेळात मी गप्प बसून बार, म्हणजे तालाची आवर्तनं, मोजायचे. वर सगळं इतकं हळू, की आमच्यापेक्षा एसी मोठ्याने वाजतो. इम्प्रेशनिस्ट म्हणे. धुक्यासारखं वाटलं पाहिजे म्हणे. इथे धुकं पडलं की शेख झायेद रोडवर गाड्या एकमेकींवर आदळतात, आणि ही ते मुद्दाम आणायला निघालीय.

"पपा, पियानोला पेडल असतं. ते दाबलं की साउंड रेंगाळतो. आपल्याकडे पेडल नाही, सो एकाने सूर धरायचा, तोवर समबडी एल्स कम्स इन."

"मग मी धरतो ना. बाकीचे येऊ-जाऊ देत."

"इट्स नॉट अ सोलो, पपा."

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. गेल्या वर्षी अल बर्शाच्या क्लिनिकमध्ये वरचे पुढचे दोन दात काढून ब्रिज बसवला, तेव्हापासून माझा ओठ टिकत नाही. जरा वाजवलं की कडेने हवा निसटते. हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. वरचा सूर आला की मी खोकायचो, नाहीतर उगाच वाद्यात श्वासाने साचलेलं पाणी काढत बसायचो. डिसेंबरचा कार्यक्रम पहिल्या ट्रम्पेटच्या खुर्चीत बसून वाजवायचा आणि मग आपणहून ती सोडायची, एवढंच मला हवं होतं. आणि माझ्याच पोरीने त्या खुर्चीतली चाल काढून घेतली होती.

त्या शनिवारी तिने मला चौथ्यांदा थांबवलं. "पपा, सॉफ्टर. आणि थेरेसा आंटी आली की तुझा सूर सोड." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्टँडवरचा कागद उचलून टेबलावर आपटला.

"ही अरेंजमेंट आहे की रेशन? अख्खी चाल लिहून दे, नाहीतर दुसरा ट्रम्पेटवाला बघ. खलास!"

"केनेथ, जाने दे ना यार," ग्रेगरी ट्यूबाच्या आडून म्हणाला. त्याने मी आणखीच पेटलो.

शेरॉनने बॅगेतून एक चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तिचा पहिला मसुदा होता. त्यात चाल अख्खी पहिल्या ट्रम्पेटला होती, वीसच्या वीस बार.

"वाजव," ती म्हणाली.

मी वाजवलं. तीन बार बरे गेले. चौथ्यात ओठ सुटला, सूर फाटला आणि नुसती हवा गेली. मी पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

कोणी हसलं नाही. काय झालं, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले, आणि तेव्हा मला कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याहून जास्त राग आला, इतके महिने मी कोणासाठी खोकत होतो म्हणून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ईस्टरपासून," थेरेसा म्हणाली. "पोरीने आम्हाला शपथ घातली होती."

टेबलावर आपटलेला कागद मी परत उचलला. त्यात वरचा एकही सूर मला नव्हता. माझा प्रत्येक तुकडा साडेतीन बारांचा, पुढे विश्रांती, आणि विश्रांतीच्या एक ठोका आधी तोच सूर हॉर्नमध्ये सुरू होत होता. माझा सुटला तरी ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून.

"घरी तू बेडरूमचं दार लावून वाजवतोस," शेरॉन म्हणाली. "मी बाहेर बसून मोजायचे. साडेतीन. एव्हरी टाइम." तिने चुरगळलेला मसुदा परत बॅगेत कोंबला. "आय डिडन्ट वॉन्ट यू टू स्टॉप, पपा."

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटून मी कागद तिच्या हातात दिला.

"साडेतीन ईस्टरला जमत होते," मी म्हणालो. "आता तीन कर."