मागच्या अंगणातली खोली

साठ-एकसष्टच्या सुमारास अकोल्यात भाड्याची खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं झालं होतं. बदलून आलेले कारकून वळकटी सांभाळत गल्लोगल्ली फिरत. पार्वताबाईंच्या मागच्या अंगणातली खोली मात्र लेकीच्या लग्नापासून बंदच होती. विधवा बाई, एकटी. चांगला भाडेकरू मिळाला तर सोबत होईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

चैत्रात एका सकाळी मैना दाराशी आली. सातवा महिना लागलेला. नवरा देवमन मोर्शीहून बदलून आलेला कारकून; दोघं कोणाच्या तरी ओसरीवर दिवस काढत होती. पार्वताबाईंना पोर पाहताक्षणी आवडली. भाडं ठरलं. मैनानं लगेच पदर खोचला, जळमटं काढली, भुई सारवायला घेतली. दुपारी दोघींनी एकाच ताटलीतला चिवडा खाल्ला.

"बायतपन इथंच कर वं," पार्वताबाई म्हणाल्या. "मी हाये नं."

संध्याकाळी देवमन हातगाडीवर सामान घेऊन आला. शेजारच्या आशाबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "कोन लोकं तुमी?"

"आमी बौद्ध," देवमननं सरळ सांगितलं.

आशाबाई नुसत्या पार्वताबाईंकडे बघत राहिल्या. त्या बघण्याला पार्वताबाई भ्यायल्या.

"खोली नाई देता येत मले," त्या म्हणाल्या. "लेक येऊन राहिली माही."

मैना उंबऱ्यात उभी होती. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"काकू, दुपारी एका ताटलीत खाल्लं आपन. तवाबी मी हेच होती."

पार्वताबाईंनी मान फिरवली. हातगाडी वळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सारवलेली भुई पुन्हा सारवून घेतली.

ज्येष्ठ महिन्यात त्यांचे थोरले भाऊ नत्थुजी अचलपूरहून आले. बंद खोली पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा पार्वताबाईंनी सगळं सांगितलं.

"पारू, त्या पोरीचं तुले काय खटकलं?"

"मले काई नाई खटकलं, दादा. पन लोकं काय म्हनतीन?"

"म्हंजे तुले ते चालत होती, आशाबाईले चालत नव्हती. मंग घर कोनाचं हाये?"

पार्वताबाई उठून चुलीकडे वळल्या. नत्थुजी मागून म्हणाले,

"दुसऱ्या जातीचं नाव सांगून खोली घेता आली असती त्याले. त्यानं खरं सांगतलं. लेक येते म्हनून खोटं कोन बोललं? विटाळ कोनाले झाला, तूच सांग."

त्या रात्री पार्वताबाईंना जेवण गेलं नाही. सकाळी देवमनच्या कचेरीत विचारत विचारत त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या टिनाच्या खोल्यांपाशी पोचल्या. वर उन्हानं टिन कडकडत होतं. मैना दारात बसली होती. पोट सपाट झालेलं, आणि घरात कुठं पाळणा दिसेना.

"लेक झाली होती," मैना म्हणाली. "दिवस भरायच्या महिनाभर आधीच. टिन लय तापे, काकू. आमी वली फडकी टांगत होतो. दिवस कलला का डोये उघडे ते. एक दिवस नाई उघडले."

पार्वताबाईंनी तिचा हात धरला. "चुकलं माहं, माय. चाल घरी. खोली तुहीच हाये."

"आता कोनासाठी येऊ?" मैनाचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच पार्वताबाईंना सोसवेना. "तुमी आल्या, बरं केलं. पन आमी नाई येत."

ती उठून आत गेली. जेवणाच्या सुटीत घरी आलेल्या देवमननं पार्वताबाईंना रस्त्यापर्यंत पोचवलं.

पावसाळ्यात पार्वताबाईंनी खोली बायकोपोरासह आलेल्या बुधाजी नावाच्या गिरणी कामगाराला दिली. आशाबाईंनी विचारलं, "कोन लोकं?"

"मी इचारलंच नाई," पार्वताबाई म्हणाल्या. आशाबाईंनी बोलणं टाकलं. पार्वताबाईंनी ते सोसलं. पण बुधाजीचं पोर अंगणात रांगू लागलं, की त्या पदर डोळ्याला लावून घरात जात.

वाचकहो, मन पालटायला वेळ लागतो, असं आपण सहज म्हणतो. तो वेळ आपला जात नाही, दुसऱ्याच्या आयुष्यातून जातो. म्हणून कोणी दाराशी खोली मागायला आलं, तर त्याची जात विचारू नका. आणि शेजारी काय म्हणतील याचा विचार मनात आलाच, तर हे घर कोणाचं आहे, ते आधी स्वतःला विचारा.