कापडी नकाशा आणि नऊ माणसांची वस्ती

मित्रांनो, मी एक जुना कापडी नकाशा आहे आणि समोरच्या संगणकावर मी जळतो. आधीच सांगून टाकलेलं बरं.

जळकोटकडच्या एका आरोग्य कार्यालयात मी बावीस वर्षं भिंतीवर आहे. आरोग्यसेवक सिद्रामप्पांनी माझ्यावर वाडी न् वस्ती आपल्या हातानं काढली. लसीकरण असो की साथ, सगळे आधी माझ्यापुढं उभे राहत. "नकाशा असावा तर असा!" असं साहेब म्हणाले की मी फुलून जाई.

मग डॉक्टर मृण्मयी आल्या आणि हा संगणक आला. भागाला एक नवी नर्स मिळणार होती. तिला कुठं बसवलं तर किती रुग्णांना वेळेत उपचार मिळतील, हे तो अख्ख्या वर्षाचा लुटुपुटूचा खेळ मांडून दाखवी. झालं! सगळे त्याच्याभोवती. सिद्रामप्पाही रुसले. कुणी काही विचारलं की म्हणत, "त्यालाच इचारा की."

संगणकानं नर्स रस्त्यालगतच्या मोठ्या गावाला दिली. माळावरच्या वस्तीत त्याच्या लेखी नऊच माणसं. फसला लेकाचा! मोजणी झाली पौषात, तेव्हा वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. मोजणारे कुलपं बघून परतले होते. हे मला ठाऊक, सिद्रामप्पांना ठाऊक. दोघंही गप्प. मला तोंड असतं तरी मी उघडलं नसतं.

ऐन वैशाखात त्या वस्तीवरच्या सरजाबाई आल्या. "आमाला नर्स कामून न्हाई?"

"मावशी, तुमच्याकडं नऊच माणसं आहेत ना?" डॉक्टर म्हणाल्या.

"नऊ? माझ्या घरातच सात हायती! सून सातव्या म्हयन्यात हाय, बाई. मागल्या येळी दवाखान्याच्या वाटंवरच बाळंत झाली. लेकरू गेलं."

माझा सगळा आनंद जिरला. सिद्रामप्पांनी मान खाली घातली. मग उठून माझ्यावरच्या त्या वस्तीवर बोट ठेवलं. "चुकी माझी हाय, म्याडम. मला ठावं होतं. दसरा झाला की जातेत, पाडव्याला येतेत. दोनशे माणूस हाय."

डॉक्टरांनी तो आकडा घातला, संगणकानं खेळ पुन्हा मांडला आणि महिन्याभरात नर्स वस्तीवर गेली. "काय हुशार यंत्र आहे!" लातूरहून आलेले साहेब म्हणाले. माझा नुसता तीळपापड झाला.

खंडेनवमीला सरजाबाई तान्ह्या नातीला घेऊन आल्या. संगणकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल! माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यात त्या पोरीनं असं भोकाड पसरलं की कार्यालय दणाणलं. मी आणि सिद्रामप्पा आणखी दोन महिने रुसून बसलो असतो, तर हा आवाज इथं कुठून आला असता?

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ झटका, हे तर मी सांगणारच. आणि जळायचं तर खुशाल जळा, मीही जळतोच. फक्त जे ठाऊक आहे ते आधी सांगा, मग जळा.