माणशी सात ग्रॅम

ऐक की रं गड्या, मधी बोलू नगंस, आधी सगळं ऐकून घे! कुंडलच्या बाळासोंच्या शिवांजलीचं लगीन झालं न्हवं? त्यातल्या केकचं सांगतोय. आन् पलूसच्या नाक्यावर नवी बेकरी टाकलीय त्या वसीमचं.

बाळासो म्हंजे कसलं माणूस, तर घरात फ्रीज आला तरी टेम्पो गावातनं दोनदा फिरवून मग दारात लावणारं. लेकीला औंधचं स्थळ मिळालं, जावई पृथ्वीराज मिलिटरीत. मग काय, पाय जमिनीला लागंनात. म्हणं, डीजे काय कोण बी लावतंय, आपुन स्टेजवर केक कापायचा! वसीमला ऑर्डर दिली अकरा किलोची. स्टेजवरचं शंभरभर पाव्हणं, माणशी दणकट पीस. इथवर सगळं ब्येस.

मग आला फ्लेक्स. छापणाऱ्याचं बोट अडकलं का काय कुणास ठाऊक, अकराच्या जागी १११! 'शाही विवाह सोहळा, १११ किलोचा केक, वसीम बेकर्स.' वसीम बघून गारच पडला. तशीच गाडी काढून बाळासोंच्या दारात.

"काका, एक एक जास्त पडलाय."

"एकच न्हवं? आसू दे की. शुभ असतंय."

"आवं, शंभर किलोचा फरक हाय!"

"मग दिसायला तेवढा कर. खाली थर्माकोल घाल, वरनं क्रीम फास. आत कोण डोकावतंय?"

वसीमला तवाच न्हाई म्हणायचं हुतं. पण नवा धंदा, फ्लेक्सवर नाव, त्यात शिवांजली शाळेपास्नं त्येला दादा म्हणायची. मान डोलावून परत आला. चुकला तिथं चुकला, मी काय त्येची बाजू घेत न्हाई.

फ्लेक्स लागला चौकात, चौकातनं गेला व्हॉट्सॲपवर, आन् जो तो केकचंच विचाराय लागला. लग्नाच्या आदल्या दिवशी बाळासोंनी वसीमला बोलावून घेतलं. दीड हजार माणूस येणार हुतं.

"माणशी किती बसतोय रं?"

वसीमनं मोबाइलवर भागाकार केला. "सात ग्रॅम."

"सात ग्रॅम म्हंजे केवढा?"

"अक्षता वाटताना हातात पडत्यात न्हवं, तेवढा."

बाळासोंनी मिशीवरनं हात फिरवला. "मग तीर्थावानी वाटू. चमचा-चमचा. पण व्याह्यांच्या माणसांना पीस मुठीएवढं पायजेत हां."

"मग बाकीच्यांना चारच ग्रॅम येतोय."

"चार तर चार."

वसीम म्हणला, "काका, मी तीस किलो साधा स्पंज भाजून आणतो. मैदा-साखरंचं तेवढं द्या. मागं कापून पंगतीत वाढू. माणसाच्या तोंडाला तर लागंल."

"आन् एकशे अकरा किलोच्या केकाला ठिगळ लावू व्हय? लोक म्हणतील पुरला न्हाई!"

ऐकलंस? लोकांनी 'पुरला न्हाई' म्हणू नये म्हणून हे माणूस पुरंल असं काय करूच देईना! वसीम म्हणला, मग नुसतं लेकरांना न् म्हाताऱ्यांना देऊ, बाकीच्यांना जिलबी हाय की. तर न्हाई. सगळ्यांना. चौकात लिवलंय.

झालं. लग्नाला सात मजली केक उभा राहिला. वरचे दोन मजले खरे, खालचे पाच थर्माकोल. अक्षता पडल्या, नवरा-नवरीनं वरचा मजला कापला, फटाके फुटले. औंधकरांच्या डिशीत मुठीएवढे पीस गेले, आन् पंगतीत सुरू झाला चमचा.

रिटायर हवालदार आप्पासो डिश डोळ्याजवळ नेऊन म्हणलं, "ह्यो नमुना हाय व्हय? मग माल कवा येणार?"

शेजारचा केरबा म्हणला, "आवं, तुमाला केक तरी आलाय. मला नुसती क्रीम आलीया. दाढी करू काय?"

पंगत हसाय लागली. हसता हसता कुणीतरी वराडलं, "एकशे अकरा किलो गेला कुठं रं?" मग दुसरा, मग दहावा. बाळासोंनी निवेदकाच्या हातनं माइक वढला. आन् काय म्हणावं ह्या माणसानं?

"मंडळी, राग धरू नका. आपुन पैसं एकशे अकरा किलोचं मोजल्यात. बेकरीवाल्यानं माप मारलं."

पंगतीत वसीमचे अब्बा बसले हुते. रहिमानचाचा. तीस वर्षं सायकलवर पाव-बटर विकला त्यांनी, डझनाला तेरावा पाव स्वतःहून घालायचे. सगळी पंगत त्यांच्याकडं वळली. चाचांनी हातातली जिलबी परत पत्रावळीवर ठेवली. वसीमला ती जिलबी दिसली, आन् मग त्येला दुसरं काय दिसलं न्हाई.

चढला स्टेजवर. माइकला हात लावला न्हाई. बाळासोंना म्हणला, "काका, माल कमी पडला न्हवं? मग ऱ्हायलेला परत नेतो." आन् खालचं पाच मजलं, शंभर किलोचं, उजव्या हाताच्या तळव्यावर उचललं! एका हातावर, गड्या! डावा हात खिशात. पायऱ्या उतरला, आन् वाऱ्यानं डुलतोय असला तो केक घेऊन सगळ्या पंगतीतनं सावकाश चालत गेला.

पयल्यांदा कुणालाच काय कळंना. मग आप्पासो ताडकन उठून सॅलूट मारत म्हणलं, "शाबास रं पैलवान!" आन् मांडव हसून असा फुटला म्हणतोस! बाळासो माइक धरून उभेच.

पण औंधच्या बायका पदर तोंडाला लावून हसत हुत्या, शिवांजलीकडं बघून. पृथ्वीराजनं मान खाली घातली. शिवांजलीनं वसीमकडं एकदाच बघितलं, आन् मुंडावळ्या सोडून आईच्या हातात दिल्या.

भायेर टेम्पोजवळ चाचा आले. वसीमला वाटलं, पाठीवर थाप पडंल.

"माझं माप गेलं असतं तरी चाललं असतं रं," चाचा म्हणले. "चार दिवसांनी लोकांनी परत पाव घेतलाच असता. तिला मातूर हितनं त्याच घरात जायचं हाय." आन् चालत पलूसला निघाले. टेम्पोत बसले न्हाईत.

त्या दिवसापास्नं चाचा बेकरीत पाय ठेवत न्हाईत. आन् शिवांजली फोन उचलत न्हाई.

आता तू सांग. तिथं माइकवर तुझ्या बापाला मापचोर ठरवलंय आन् स्टेजवर तुझी भनीसारखी पोरगी उभी हाय. तू काय केलं असतंस?