ढगातल्या गुठळ्या

बटण दाबलं आणि कापसाचा ढग उजळला. सगळाच्या सगळा, एकसारखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. विज्ञान केंद्राच्या अंधाऱ्या दालनात जमलेली माणसं तारे दिसण्याची वाट बघू लागली. मग कुणीतरी म्हणालं, "यावर झोपायचंय का?" आणि हशा पिकला.

सगळ्यात मागे, इस्त्रीचा शर्ट घालून उभा असलेला गादीवाला खूश झाला. माणसं हसली म्हणजे त्यांना आवडलं, असा त्याचा साधा हिशेब. तोही हसणार होता, तेवढ्यात त्याला बटणापाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीचा चेहरा दिसला. असा चेहरा त्याने पूर्वी एकदाच पाहिला होता, शाळेच्या स्टेजवर ती पाठ केलेलं सगळं विसरली तेव्हा.

तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच दुधाळ उजेड.

मुलगी इथे सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. हा ढग तिचं पहिलं काम. तो जमला तर नोकरी पक्की, असं केंद्राच्या मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं. कापूस अर्थातच बापाच्या दुकानातला. आज पाहुणे यायच्या आधी त्याला राहवेना, म्हणून तो एकटाच डोकावायला आला. ओळखीच्या पहारेकऱ्याने आत सोडलं. आणि बघतो तर काय, कापसात गुठळ्याच गुठळ्या! लहान, मोठ्या, काही तर एकमेकींना चिकटलेल्या. त्याला घामच फुटला. उभी हयात त्याने गुठळ्या मोडण्यात घालवली होती. गादीत गुठळी राहणं म्हणजे गादीवाल्याच्या तोंडाला काळं. उद्या लोक म्हणायचे, बाप एवढा कारागीर आणि पोरीला कापूस धड पसरता येत नाही! त्याने बाह्या सावरल्या आणि एकेक गुठळी अंगठ्याने मोडली. आत इवलेसे दिवे निघाले, तो वायरमनचा गबाळेपणा समजून त्याने ते नीट तळाशी बसवले. वरून कापूस असा पसरला की हात फिरवावा आणि लोणी आठवावं. तिला सांगितलं नाही. बापाने केलेलं कुठे सांगायचं असतं!

"त्याचं असं असतं," मुलगी पाहुण्यांना सांगू लागली. तिचा आवाज कोरडा पडला होता. "ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायूचे थंडगार, अफाट ढग असतात. ढग सगळीकडे सारखा नसतो. जिथे जरा दाट, तिथे ओढ जास्त. ओढ जास्त म्हणून आजूबाजूचा वायू तिकडे जातो, मग ती जागा आणखी दाट होते. असा ढग स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो आणि कोसळता कोसळता फुटतो. त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. त्यातल्या घट्ट गुठळ्यांमध्ये तारे जन्मतात. इथे प्रत्येक गुठळीत एकेक दिवा लागतो." ती थांबली. "म्हणजे, लागायला हवा होता."

गादीवाल्याच्या पायाखालची फरशी सरकली. त्याने आपला उजवा अंगठा मुठीत लपवला.

पाहुणे पुढच्या दालनात गेल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, "कुणी हात लावला याला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मी" एवढाच शब्द म्हणायचा होता. एका अक्षराचा. त्याने मूठ आणखी आवळली. मुलीने वळून बापाकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर कापसाचा एक पुंजका चिकटला होता. ती चालत आली, शर्ट नीट केल्यासारखं करून तिने तो हलकेच उचलला, मुठीत घेतला आणि बाईंकडे न बघता म्हणाली, "माझ्याकडूनच झालं, बाई."

गादीवाला तिच्या मुठीकडे बघत राहिला.

घरी जाताना ती रागावली नाही, हे फार वाईट झालं.

"गुठळ्या मुद्दाम कोण करतं गं?" त्याने शेवटी विचारलं.

"आभाळ करतं, बाबा."

"मला आधी सांगायचंस ना."

"सांगितलं होतं की. तुम्ही उशी शिवत होता. 'वा, छान' म्हणालात."

घरी पोचून ती आत गेल्यावर बायकोने त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, माझं बोलणं तुमच्या कानात शिरत नाही, त्याची सवय झाली मला. पण पोरीचंही?" एरवी त्याच्याकडे अशा टोमण्याला उत्तर तयार असे. आज त्याने ताट बाजूला सरकवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडलं तेव्हा तो मोठ्या बाईंच्या दाराशी उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"गुठळ्या मी मोडल्या. पोरीची काही चूक नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग काल का नाही बोललात? ती तुमच्यासमोर खोटं बोलली."

त्याने उजवा अंगठा पुन्हा मुठीत घेतला.

"नोकरीचं आणखी सहा महिन्यांनी बघू," बाई म्हणाल्या. "ढग तेवढा आज दुरुस्त झाला पाहिजे."

दालनात मुलगी फरशीवर बसून एकेक दिवा वर काढत होती. बाप शेजारी येऊन टेकला. तिने थोडा कापूस ओला करून, वळून, दिव्याभोवती घट्ट गुठळी कशी करायची ते दाखवलं. या वेळी त्याने नीट पाहिलं. मग स्वतः केली. बरी झाली, आणि ठेवता ठेवता अंगठ्याने सवयीने ती मोडली. दुसरी केली, तिचंही तेच. तिसरीही अंगठ्याखाली पसरून मऊ झाली.

मुलगी बघत होती. हसली नाही.

त्याने खिशातून खोळीच्या कापडाची एक चिंधी काढली. दातात टोक धरून उजवा अंगठा तळव्याशी करकचून बांधून घेतला. मग पुढची गुठळी त्याने डाव्या हाताने वळायला घेतली.